आमच्याकडची पोरं शहाणी

तारीख ४, सोमवार

जाऊबाईंना नमस्कार.

तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी तुमच्या धाकट्या दिरांची बायको. आमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही आणि मोठे भाऊजी घर सोडून गेलेले होतात. मी चौथीपर्यंत शिकलेय, तेव्हा अक्षराला हसायचं तर हसा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

घरी सगळे मजेत आहेत. सासूबाई तुमची आठवण काढतात. यांनीच मला तुमचा पत्ता दिला, म्हणाले वहिनीला लिही, बरं वाटेल तिला.

आम्हाला मुलगा झालाय. अडीच महिन्यांचा आहे, आम्ही त्याला टिल्या म्हणतो. त्याला घेऊन मी मोठ्या दवाखान्यात आलेय. तसं काळजीचं काही नाही. पोट जरा फुगलंय.

जरा म्हणजे, टिचकी मारली की वाजतं. कातडी ताणून अशी झालीय की आतल्या निळ्या शिरा मोजाव्यात. हातपाय काडीसारखे आणि मधे हे एवढं पोट. परवा हिरवी उलटी झाली म्हणून इथे आणला. पानाचा रस काढावा तशी हिरवी. मी आजवर पोराच्या तोंडातून असला रंग निघताना पाहिला नव्हता.

जाऊबाई, मला काही कळलंच नाही हो. पहिल्यापासून तो दुपटं घाण करायचा नाही. जन्मल्यावर बाळं काळी शी करतात ना, ती यानं तिसऱ्या दिवशी केली, तीही नखभर. मी शर्टाच्या कारखान्यात बटणं लावते. बाळंतपणानंतर एकदा सगळ्यांना दाखवायला घेऊन गेले, तर शेजारच्या मशीनवरची म्हणाली, "नशीब काढलंस बाई, माझीनं धुऊन धुऊन हाताची सालं काढली." मी पण मिरवलं. सासूबाई तर येईल त्याला सांगायच्या, "आमच्याकडची पोरं शहाणीच असतात. थोरल्याचं बाळही असंच होतं, चार चार दिवस दुपटं कोरडं."

तेव्हा मी ऐकलं आणि सोडून दिलं. इथे आल्यावर ते वाक्य डोक्यात असं अडकलंय की निघत नाही. मला सांगितलं होतं की थोरल्यांचं बाळ जन्मतःच गेलं. मग जन्मतःच गेलेल्या बाळाचं दुपटं चार चार दिवस कोरडं कसं राहील?

रागावू नका. दुखऱ्या जागी बोट घालतेय हे मला समजतं. पण इथे एक डॉक्टरीण आहे, ती औषध देत नाही की ऑपरेशन करत नाही, ती शोध लावते. आतडी तुंबायचे आजार घराघरातून कसे चालत येतात, त्याचा शोध. प्रत्येक आईला पहिला प्रश्न एकच, बाळानं पहिली शी कधी केली? सगळ्याजणी तिला शीवाली बाई म्हणतात. तिला माहितीय, ती पण हसते. तिनं मला समजावलं. आतड्याला आतून बारीक बारीक नसांचे कण असतात, ते ढकलत नेतात म्हणून खाल्लेलं पुढे सरकतं. बाळ पोटात असताना ते कण वरून खाली पसरत येतात. काही बाळांमध्ये खालपर्यंत पोचतच नाहीत. मग तेवढं आतडं झोपलेलं राहतं आणि वरचं सगळं त्याच्यामागे तुंबतं. टिल्याच्या आतड्याचा खालचा बारीकसा तुकडा कापून तपासला, त्यात तेच निघालं.

झोपलेलं आतडं कापून टाकायचं आणि वरचं ओढून जोडायचं, असं ऑपरेशन आहे. पुढच्या बुधवारी. पोटाचा फोटो काढला, त्यात झोपलेला तुकडा लहानच दिसतो. पण ती बाई म्हणाली, घरात आधी कुणाला असं झालं असेल तर ते पुष्कळदा फोटोत दिसतं त्यापेक्षा लांब निघतं. म्हणून ती विचारत फिरते.

म्हणून मी विचारते. तुमचं बाळ किती दिवस होतं? त्याच्या पोटाला काय झालं होतं? उत्तर दवाखान्यातच पाठवा, इथला पत्ता आणि वॉर्डाचा फोन मागे लिहिलाय.

तुमची धाकटी जाऊ


तारीख ८, शुक्रवार

जाऊबाई,

पत्र पोचलं असेल. किंवा नसेल. किंवा पोचलं आणि तुम्ही फाडलं असेल.

मी तुमच्याशी खोटं बोलले. सासूबाई तुमची आठवण वगैरे काही काढत नाहीत. तुमचं नाव निघालं की उठून मोरीकडे जातात आणि धुतलेली भांडी परत धुतात. पत्ताही यांनी दिला नाही. मी विचारलं, दादांचं बाळ किती दिवसांचं होऊन गेलं? तर हे बुटाची नाडी बांधत होते, ती सोडली, पुन्हा बांधली, आणि ट्रक घेऊन गेले. मोठ्या भाऊजींनी एकदा यांना स्वेटर पाठवला होता, त्याच्या खोक्यावरचा पत्ता मी फाडून घेतला. खोकं माळ्यावर होतं. झुरळांनी निम्मी गल्ली खाल्लीय, ती मी अंदाजानं लिहिली.

मजेत वगैरे कुणी नाही.

रोज टिल्याचं आतडं धुतात. मागून मऊ नळी घालून मिठाचं कोमट पाणी सोडतात आणि परत काढतात. नर्सनं मला शिकवलं, आता मीच करते. आधी वाटलं हे मला जन्मात जमणार नाही. पाणी बाहेर आलं आणि त्याच्याबरोबर काही आलं की सगळ्या वॉर्डाला आनंद. पलीकडून एकजण ओरडते, "आला का गं पाहुणा?" मी म्हणते, "आला, पण पाय धुवायलाही थांबला नाही." हसतो आम्ही. हसून झालं की प्रत्येकजण आपापल्या पोराच्या पोटावर हात ठेवून बघते.

काल पाहुणा आला नाही. गेलं तेवढं पाणीसुद्धा परत आलं नाही. मी नर्सला हाताला धरून ओढत आणलं.

शेजारच्या खाटेवरची म्हणते, शोधाला सही देऊ नकोस, ते आपल्या पोरांवर प्रयोग करतात, रक्त नेतात आणि परत काही सांगत नाहीत. मी घाबरून शीवाल्या बाईलाच विचारलं, माझ्या पोरावर प्रयोग करणार का? तिनं चिडायला हवं होतं, चिडली नाही. म्हणाली, "नाही. त्याचं ऑपरेशन मी सही घेतली तरी होणार, नाही घेतली तरी होणार. मला फक्त थोडं रक्त आणि तुमच्या घराची गोष्ट हवी." रक्त मी दिलं. टिल्याचंही दिलं, तेव्हा मान दुसरीकडे केली.

घराच्या गोष्टीचं सांगते. तिची एक तऱ्हा आहे. लिहिता न येणाऱ्या बायका कागद बघून बिचकतात, म्हणून ती बटणांचा डबा घेऊन फिरते. चौकोनी बटण म्हणजे मुलगा, गोल म्हणजे मुलगी, आजारी असेल त्याला काळं. खाटेवर चादर नीट करते आणि म्हणते, मांडा तुमचं घर. माझ्या माहेरचं मी भराभर मांडलं. बटणं स्वस्तातली होती, कडा खरखरीत, आमच्या कारखान्यात नापास केली असती.

मग सासूबाईंची पाळी. त्या भेटायला आल्या होत्या. त्यांनी दोन चौकोनी बटणं मांडली, थोरला आणि धाकटा. धाकट्याच्या खाली काळं, म्हणजे टिल्या. बाईनं थोरल्याच्या खालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"यांना मूलबाळ?"

"नाही."

"झालंच नाही, की होऊन गेलं?"

"आमच्या घरात असलं काही नाही हो बाई. हे हिच्याकडून आलंय. हिचं दूधच जड आहे, मी पहिल्यापासून सांगतेय."

आणि मी तिथेच उभी होते. माझ्या तोंडात सगळं आलं होतं, दुपटं, चार चार दिवस, सगळं. आणि मी गिळलं. का गिळलं ते तुम्हाला सांगावं लागेल असं वाटत नाही. तुम्हाला त्या घरातून काढताना कुणीही मधे पडलं नाही, हे मी शेजारपाजारी ऐकलंय. मलाही काढतील. मला कुठे जायचं याची भीती नाही, मी शिवून खाईन. पण पोराला माझ्याबरोबर देतील का?

रात्रंदिवस दूध दाबून फेकते. त्याला सलाइन चालू आहे, पाजायला मना केलंय. मोरीत पांढरं वाहून जाताना बघते आणि वाटतं, खरंच यात काही असेल का?

तुम्हालाही दुधाचंच म्हणाल्या होत्या का?

मोठं पत्र नको. हो की नाही, एवढंच लिहा. बुधवार फार जवळ आलाय.

तुमची धाकटी


तारीख १२, मंगळवार

ताई,

आता मी तुम्हाला ताईच म्हणणार. जाऊबाई म्हणायला आपण एका घरात नांदलो थोड्याच.

तुमचं उत्तर आलं नाही. रोज खाली टपालाच्या खिडकीशी जाऊन विचारते. तिथला माणूस आता मला लांबूनच बघून मान हलवतो.

पण आज जे झालं ते तुम्हाला कळायलाच हवं. तुम्ही फाडणार असाल तर वाचून मग फाडा.

सकाळी मोठे डॉक्टर आले, उद्या तेच कापणार आहेत. चांगले आहेत पण घाईत असतात, बोलतानाही अर्धे दाराकडे निघालेले असतात. मी होते, सासूबाई होत्या, शीवाली बाई पलीकडच्या पोराचं रक्त घेत होती. मोठ्या डॉक्टरांनी आपल्या करंगळीवर अंगठा ठेवून दाखवलं. "एवढासा तुकडा काढायचा. घाबरायचं काही कारण नाही."

सासूबाई खाटेचा दांडा धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तेव्हाही एवढंच दाखवलं होतं."

कुणाला ऐकू जावं म्हणून म्हणाल्या नाहीत. आपोआप निघालं तोंडातून. डॉक्टर तर निघालेच होते. शीवाल्या बाईच्या हातातली सुई तशीच राहिली. तिनं तिथूनच विचारलं, "तेव्हा म्हणजे केव्हा, आजी?"

सासूबाई पदरानं दांडा पुसायला लागल्या.

मी म्हटलं, "आई, सांगा." एवढंच. माझ्या आवाजाला काय झालं होतं कुणास ठाऊक, कारण टिल्या दचकून रडायला लागला. रडला की त्याचं पोट आणखी ताठ होतं. त्या त्याच्या पोटाकडे बघत राहिल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "थोरल्याचा पण असाच रडायचा."

मग सगळं बाहेर आलं, ताई. उलटसुलट, पुढचं आधी आणि आधीचं मागून. बाळ जन्मतःच गेलं नव्हतं. तीन महिने होतं. त्याचंही पोट असंच व्हायचं. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं, करंगळीएवढा तुकडा काढला, जोडलं. सगळ्यांना वाटलं सुटलो. डॉक्टरांनीच तुम्हाला सांगितलं पाजा म्हणून, तुम्ही पाजलंत. आणि पोट परत फुगलं. ताप चढला. दुसऱ्यांदा उघडेपर्यंत ते थांबलं नाही.

सासूबाईंनी तुम्हाला काय म्हटलं, तेही त्यांनी आज सांगितलं. सगळ्या वॉर्डासमोर. मी इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ असेल.

मोठे डॉक्टर परत आत आले होते. ते चिडले. "आजी, हे आधी सांगायला काय झालं होतं? उद्या मी पोट उघडून तेवढंच कापून बंद केलं असतं!"

सासूबाई म्हणाल्या, "सांगितलं असतं तर याचंही तसंच झालं असतं." ताई, त्या हे खरं मानून बोलल्या. आपण नाव काढलं नाही तर ते याला शोधत येणार नाही, असं धरून बसल्या होत्या बिचाऱ्या. बिचाऱ्या म्हटलं म्हणून रागावू नका.

शीवाल्या बाईनं स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "आजी, ते बाळ मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल शपथेवर सांगणार नाही. पण दुधानं हे होत नाही. कुठल्याच आईच्या दुधानं होत नाही. बहुतेक त्याचं आतडं कापल्याच्या पुढेही झोपलेलंच होतं."

"मग मी तिला…" एवढंच म्हणाल्या. आणि बाईच्या डब्यातून त्यांनी स्वतः एक काळं बटण हुडकून काढलं. चौकोनी. चादरीवर तर तेव्हा काही मांडलेलंही नव्हतं. ते मुठीतच धरून बसल्या. बाईनं परत मागितलं नाही.

आता उद्याचं बदललंय. सकाळचं ऑपरेशन दुपारवर ढकललंय, कारण आतड्याचे तुकडे भिंगाखाली बघणारा माणूस बाहेरून बोलवावा लागतो. तो शेजारच्या खोलीत बसणार. मोठे डॉक्टर खालून वर जाताना मधून मधून आतड्याचा बारीक तुकडा कापून त्याला पाठवणार, तो जिथे जिवंत म्हणेल तिथे थांबणार. तोवर टिल्या उघडाच पडून राहणार टेबलावर. फार वर जावं लागलं तर लगेच जोडणार नाहीत, आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवतील, त्यातून शी होईल पिशवीत. मी विचारलं, "आणि जिवंत कुठेच नसलं तर?"

मोठे डॉक्टर पहिल्यांदाच दाराकडे न बघता उभे राहिले. म्हणाले, "ते उद्या बघू."

असं कुणी म्हणतं का हो आईला?

हे आलेत गाडी सोडून. बाहेर बाकावर बसलेत. बुटाची नाडी सोडताहेत आणि बांधताहेत.

मी हे पत्र टाकून येते. तुम्हाला मिळेल तेव्हा उद्याचं होऊन गेलेलं असेल. तरी तुम्ही ते व्हायच्या आधी वाचताय असंच मी समजते.

तुमची धाकटी


तारीख १७, रविवार

ताई,

टिल्या आहे.

हे पहिल्यांदा लिहिलं. बाकीचं आता सांगते.

बुधवारी त्याला नेला. माझ्या हातातून घेताना नर्सनं त्याचं टोपडं काढून माझ्याकडे दिलं, ते मी हातात धरलं आणि त्यानंतर मला फार काही आठवत नाही. ते भिंगवाले इकडून तिकडे जाताना दिसायचे, हातात चिमटा आणि बशी. पहिल्यांदा गेले, आत जाऊन आले, परत गेले. दरवेळी मी त्यांचं तोंड बघायचे. शेवटी हे उठून त्यांच्या आडवे गेले. "साहेब, मिळालं का जिवंत?" ते म्हणाले, "अजून नाही, सरका."

अजून नाही. ताई, मी भिंतीला धरून खाली बसले. तेव्हा मला तुम्ही दिसलात. खरंच, चेहरा माहीत नसताना दिसलात, अशाच कुठल्यातरी भिंतीखाली बसलेल्या.

मोठं आतडं सगळंच्या सगळं झोपलेलं निघालं. फोटोत करंगळीएवढं दिसलं होतं ते. लहान आतड्याच्या टोकाशी पोचले तेव्हा भिंगवाल्यांनी पहिल्यांदा मान हलवली. तिथे थांबले. आता उजव्या बाजूला पोटावर लाल बोंडासारखं तोंड काढलंय. मोठं आतडं आतच आहे, वर्षभरानं तब्येत धरली की त्याचं बघायचं, तेव्हा परत उघडणार. मोठे डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी म्हातारी बोलली नसती तर मी फसलो असतो." असं स्वतःच्या तोंडानं म्हणाले, शीवाल्या बाईसमोर.

परवा पिशवीत पहिल्यांदा आली. पिवळी. पातळ, फेसाळ, वासाची. मी ओरडलेच. पलीकडची म्हणाली, "पाहुणा आला?" मी म्हटलं, "बायको-पोरं घेऊन आला!" शेजारच्या खाटेवरची उठून बघायला आली आणि तीच रडली, जिनं मला सही करू नको म्हणून सांगितलं होतं. काल तिनं आपल्या पोरीचं रक्त दिलं.

पण मी सुटले नाही, ताई. पिशवीतून पाणी जास्त गेलं तर पोर सुकतं. झोपलेलं आतडं आत आहे तोवर त्याला केव्हाही ताप येऊ शकतो, घाण वास आला, पोट तटतटलं की त्याच पावली धावत यायचं, असं घोकून घेतलंय माझ्याकडून. मी सारखी वास घेते. त्याचा, चादरीचा, माझ्या हाताचा. झोप लागली की दचकून उठते आणि आधी पोट चाचपते. यांना म्हटलं तर म्हणतात, झालं ना आता सगळं नीट, किती घाबरशील.

शीवाल्या बाईचं एक काम आहे. हे यांच्या घराण्यातून चालत आलंय असं तिला वाटतं, दोन्ही भावांकडे असावं, त्यांना स्वतःला काही न होता. यांनी रक्त दिलं. मोठ्या भाऊजींचं हवंय, आणि तुमचंही, ताडून बघायला. त्यातून पुढच्या बाळाला किती धोका ते सांगता येईल म्हणते, आणि असं बाळ जन्मलं तर पहिल्याच दिवसापासून कुठे बघायचं तेही. तुम्ही त्यानंतर मूल होऊ दिलं नाही असं सासूबाई म्हणाल्या. कारण मी विचारलं नाही.

आणि शुक्रवारी वॉर्डाच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला होता. नर्सनं घेतला. बाईचा आवाज होता म्हणते. विचारलं, आतड्याचं ऑपरेशन झालेलं ते लहान बाळ कसंय? नर्सनं विचारलं, आपण कोण? तर ठेवला.

ज्या कोण असतील त्यांना मी पत्ता लिहून ठेवते. मोठं फाटक, डावीकडची जुनी इमारत, तिसरा मजला. लिफ्टच्या भरवशावर राहू नका, जिन्यानं या. वॉर्डाच्या दाराशी बाकावर सासूबाई असतील. त्या घरी जायलाच तयार नाहीत, मी सांगून थकले. तुम्हाला बघून त्या उठतील की मान खाली घालतील, मला सांगता येत नाही. तुम्हाला जे बोलायचंय ते बोला, सगळं बोला, मी मधे पडणार नाही. तेव्हा कुणी पडलं नव्हतं, आता त्यांच्यासाठी का पडावं.

पण आधी आत या. हात धुऊन माझ्या शेजारी उभ्या राहा. पिशवी बदलताना ते लाल बोंड उघडं पडतं आणि घाबरून मी पिशवी वाकडी चिकटवते. नर्स म्हणते घाबरू नकोस, हे म्हणतात घाबरू नकोस, डॉक्टर जाता जाता तेच म्हणतात.

तुम्ही तसं म्हणणार नाही.

तुमची धाकटी